आपला मासा आपल्या पोरांच्या ताटात का नाही?



मागच्या बैठकीत हिशोब संपला, चहा आला, आणि एका ताईंनी साधा प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा गुरुकुलात आठवीला आहे. सुट्टीत घरी आला की दोन दिवस नुसता मासाच मागतो. ताई म्हणाल्या, "हॉस्टेलात अंडं मिळतं, चिकन मिळतं, मग मासा का नाही? तळं तर दोन कोसावर आहे. मासा आपला, पोरं आपली, मध्ये आडवं येतंय कोण?"

त्यावर एकजण म्हणाला सरकार, दुसरा म्हणाला ठेकेदार, तिसरा म्हणाला काटे. तिघांचंही थोडंथोडं खरं आहे. पण चहा संपला आणि विषय तिथंच राहिला. तो राहू द्यायचा नाही म्हणून आज सविस्तर लिहितोय. जरा लांब आहे, पण वाचा. यात आपल्या पैशाचाही प्रश्न आहे आणि पोरांच्या तब्येतीचाही.

सकाळी तळ्यावर काय होतं

जाळं पहाटे ओढायचं. उजाडायच्या आत व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी. भाव तोच सांगतो, वजनही त्याच्याच काट्यावर. ज्यांनी जाळ्यासाठी नाहीतर लग्नासाठी त्याच्याकडून उचल घेतली आहे, त्यांना दुसऱ्याला माल द्यायची सोय नाही. गाडी निघून जाते आणि आपला रोहू-कटला कुठल्या शहरात विकला गेला हे आपल्याला कधी कळत नाही.

दुसरीकडे आपल्याच भागात शाळा आहेत, अंगणवाड्या आहेत, गुरुकुलं आणि वसतिगृहं आहेत. तिथं रोज शेकडो पोरं जेवतात. त्यांच्या जेवणाचा पैसा सरकार देतं. म्हणजे गिऱ्हाईक दाराशी आहे. फक्त त्या गिऱ्हाइकाच्या यादीत आपला माल नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तेलंगणातली ६ ते ५९ महिन्यांची ७० टक्के बालकं रक्तक्षय असलेली निघाली. नदीपलीकडं महाराष्ट्रातही आकडा तसाच, जवळपास ६९ टक्के. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. रोहूच्या ५० ग्रॅमच्या तुकड्यात ८-९ ग्रॅम. बारीक मासे काट्यासकट खाल्ले तर चुनाही मिळतो. आपण हे आजीच्या काळापासून खात आलोय, त्यामुळं नवीन काही सांगत नाही.

सहा रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे

आधी शाळेचं दुपारचं जेवण बघू. ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. तेव्हा बऱ्याच ठिकाणी पोरांना कोरडं धान्यच मिळायचं. शिजवलेलं जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ ला दिला. २०२१ मध्ये योजनेचं नाव पीएम पोषण झालं. देशभरात ११ कोटींहून जास्त पोरं यात जेवतात. तांदूळ केंद्र देतं. डाळ, भाजी, तेल, मसाला, सरपण यांचा जो खर्च आहे, तो केंद्र आणि आपल्यासारखी राज्यं ६० आणि ४० टक्के असा वाटून घेतात.

हा खर्च १ मे २०२५ पासून किती ठरलाय? पहिली ते पाचवीच्या एका पोरामागं दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे.

आता आपला हिशोब मांडू. समजा तळ्यावरचा भाव १२० रुपये किलो. तुमच्याकडं जो भाव असेल तो घाला. खवले, आतडी, डोकं काढलं की किलोमागं साधारण ६०० ग्रॅम मासा उरतो. ५० ग्रॅमचे तुकडे केले तर १२ होतात. म्हणजे एक तुकडा १० रुपयांचा, आणि त्यात तेल, मसाला, गाडीभाडं, बर्फ काहीच धरलेलं नाही.

बघा, लहान पोराच्या ताटाचा सगळा पैसा मिळूनही मासा बसत नाही. त्यात डाळ-भाजी तर द्यायचीच आहे. म्हणून हेडमास्तरांवर किंवा स्वयंपाकाच्या ताईंवर चिडण्यात अर्थ नाही. त्यांनी मनात आणलं तरी हे होणार नाही.

मग अंडं कसं बसतं? अंड्याला वेगळा पैसा आहे म्हणून. केंद्राच्या ६ रुपये ७८ पैशांत अंडं येत नाही, राज्यं त्यासाठी आपल्या तिजोरीतून वेगळी तरतूद करतात. माशाला तशी वेगळी ओळ हवी. ती नसेल तर रोजच्या शाळेत मासा ही नुसती भाषणातली गोष्ट राहील.

हॉस्टेलचा हिशोब वेगळा आहे

ताईंचा मुलगा जिथं राहतो तिथं चित्र बरं आहे. तेलंगणा सरकारनं डिसेंबर २०२४ मध्ये वसतिगृहं आणि गुरुकुलांचा जेवणखर्च ४० टक्क्यांनी वाढवला. तिसरी ते सातवीला महिन्याला ९५० रुपये होते, ते १,३३० झाले. आठवी ते दहावीला १,१०० चे १,५४० झाले. कॉलेजच्या पोरांना १,५०० चे २,१००. सगळ्या हॉस्टेलांना एकच मेन्यू ठरवून दिला.

आठवीच्या पोराचे १,५४० रुपये म्हणजे दिवसाला ५१ रुपये. मोठ्या पोराला १०० ग्रॅम साफ केलेला मासा द्यायचा तर वरच्याच भावानं २० रुपये लागतात. रोज शक्य नाही. पण महिन्यातून दोनदा, एखाद्या चिकनच्या दिवशी चिकनच्या जागी दिला तर हिशोब जमण्यासारखा आहे. चिकनच्या त्या दिवशीच्या भावाशी ताडून बघा.

३०० पोरांच्या एका हॉस्टेलला एका वेळेला ५० किलो अख्खा मासा लागेल. महिन्याला दोन वेळा म्हणजे १०० किलो. दहा महिन्यांचा एक टन. पैशात १ लाख २० हजार.

हा आकडा मोठा नाही हे आधीच सांगतो. एका हॉस्टेलवर सोसायटी चालत नाही. पण दोन गोष्टी बघा. पहिली, भाव आधी ठरलेला असेल आणि वजन आपल्या काट्यावर होईल. दुसरी, व्यापाऱ्याला कळेल की ह्यांच्याकडं दुसरं गिऱ्हाईक आहे. बांधावर भाव ठरताना एवढं कळणंसुद्धा किलोमागं दोन-चार रुपये फिरवू शकतं. पाच-सहा हॉस्टेलं मिळाली तर जाळं दुरुस्त करायला कुणाकडं हात पसरायची पाळी येणार नाही.

आपली अडचण: शाळा बंद तेव्हा मासा तयार

आता सरकारची नाही, आपली बाजू. इथं खरं बोलावं लागेल.

आपली तळी पावसाळ्यात भरतात. सरकारचं फुकट मत्स्यबीज, जी योजना २०१६-१७ पासून चालू आहे, ते ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला पडतं, कधी त्याहून उशिरा. मासा किलोला पोचेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. पाणी उतरलं की सगळे एकदमच जाळी टाकतात. आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शाळांना सुट्टी लागते, ती १२ जूनपर्यंत. म्हणजे आपला माल भरपूर असतो तेव्हा हॉस्टेल रिकामं, आणि हॉस्टेल भरलेलं असतं तेव्हा आपलं बोटुकलं बोटाएवढं.

ठरलेल्या बुधवारी ५० किलो म्हटलं तर त्या बुधवारी ५० किलोच पोचायला हवेत. "दादा, आज जाळ्यात काही आलं नाही" हे आपल्या घरी चालतं, ३०० पोरांच्या स्वयंपाकघरात चालत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. बारमाही तळ्यांत आणि जलाशयांत ८०-१०० मिलिमीटरचं बोटुकलं सोडतात, ते लवकर वाढतं. आधीच्या हंगामाचं बीज एखाद्या छोट्या तळ्यात राखून ठेवलं आणि पाणी भरताच मोठ्या तळ्यात सोडलं, तर डिसेंबरपासून विक्रीजोगा मासा निघू लागतो. मोठ्या आसाचं जाळं वापरायचं, मोठा काढायचा, लहान सोडायचा. सगळं एका दिवसात उपसायचं नाही. दोन-तीन सोसायट्यांनी मिळून वार वाटून घेतले, एकीचं तळं आणि दुसरीचा जलाशयातला माल असं जोडलं, तर वर्षातले सात-आठ महिने पुरवठा टिकतो. खाली गोदावरीवर येल्लमपल्लीच्या पाण्यात डोंगा चालवणारे आपले लोक आहेतच.

काट्यांचं काय

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. घरी आई शेजारी बसून काटा काढून देते. शाळेत शंभर पोरांमागं वाढायला दोघीजणी. एका पोराच्या घशात काटा अडकला तर दुसऱ्या दिवशी मासा बंद, आणि बंद होणंही बरोबरच.

रोहू, मृगळ, कटला या तिन्हींत मांसात बारीक दुतोंडी काटे असतात. मरळीत ते जवळपास नसतात. तिला इथं कोर्रामीनू म्हणतात आणि ती तेलंगणाचा राज्यमासा आहे. पण तिचा भाव हॉस्टेलला झेपायचा नाही. म्हणून सुरुवात आठवीच्या वरच्या पोरांपासून करावी, दोन किलोच्या वरच्या कटल्याचे मोठे तुकडे द्यावेत, कारण मोठ्या माशाचा काटा दिसतो आणि काढता येतो. लहान वर्गांसाठी मांस आणि काटा वेगळा करणारं यंत्र लागेल. त्यातून निघालेल्या खिम्याचे वडे, कटलेट होतात. यंत्र एका सोसायटीला परवडणार नाही, संघ करून घेता येईल. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फ, वाहन, प्रक्रिया यांना अनुदान आहे, त्यात हे बसवून घ्यायला हवं.

आणि जी पोरं मासा खात नाहीत त्यांना दुसरं काही मिळालंच पाहिजे. अंड्याच्या दिवशी न खाणाऱ्याला केळं देतात, तसंच. जबरदस्ती कुणावर नको.

दुसरीकडं झालंय का?

झालंय. आपल्याच देशात लक्षद्वीपला शाळेच्या जेवणात मासा आहे. २०२१ मध्ये तिथल्या प्रशासनानं मेन्यूतून चिकन-मटण काढलं, त्यावर खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं मेन्यू ठरवणं हे प्रशासनाचं काम आहे म्हणून याचिका फेटाळली. पण त्या सगळ्या वादातही मासा आणि अंडं मेन्यूत राहिलं. कारण मासा तिथं दारात मिळतो.

ब्राझील देशानं तर कायदाच केला. २००९ च्या त्यांच्या कायद्यानुसार शालेय जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के पैसा लहान शेतकरी कुटुंबांकडून खरेदीसाठी खर्च करावा लागतो, आणि लहान मच्छीमार त्यात धरले आहेत. २०२६ पासून हे प्रमाण ४५ टक्के केलंय. तिथं कुणा साहेबाची मर्जी लागत नाही. नियमच तसा आहे.

आपल्याकडं पीएम पोषणमध्ये शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गटांना सामील करा, स्थानिक माल वापरा, असं म्हटलेलं आहे. पण किती टक्के, कुणाकडून, काय भावानं, हे बांधून दिलेलं नाही. "करा" आणि "करावंच लागेल" यात किती अंतर असतं, हे तळ्याच्या लिलावात आपण पुष्कळदा पाहिलंय.

आणि एका सहीनं बंदही होतं

आता ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण उद्या ऑर्डर मिळाली तर आपण हुरळून जाऊ.

अमेरिकेत सरकारनं शाळांना आणि गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रांना, ज्यांना तिकडं फूड बँक म्हणतात, जवळच्या शेतकऱ्यांकडून आणि मच्छीमारांकडून माल घ्यायला वेगळा पैसा द्यायला सुरुवात केली होती. पुढच्या टप्प्याचा पैसा जाहीर झाला, लोकांनी त्या भरवशावर तयारी केली. मार्च २०२५ मध्ये तिथल्या कृषी खात्यानं तो रद्द केला. शाळांचे सुमारे ६६ कोटी डॉलर, आणि फूड बँकांचे धरून १०० कोटी डॉलरच्या वर. शेतात पीक उभं, आणि घेणारा गेला.

अमेरिका लांब राहिली, महाराष्ट्र बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथं शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं त्याचा वेगळा निधी थांबवला आणि द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या असं सांगितलं. सव्वा वर्षात सुरू आणि बंद. प्राणहितेपलीकडं सिरोंच्याला आपले जे नातेवाईक आहेत, त्यांच्या पोरांच्या शाळेतली ही गोष्ट आहे.

म्हणून आधीच ठरवू या. सोसायटीच्या एकूण मालातला पाचवा हिस्सा, फार तर चौथा, सरकारी खरेदीला. बाकी बाजारात. सरकारी बिल निघायला वेळ लागतो हे वेगळं सांगायला नको. तेवढे दिवस सभासदाला रोख देता यावी म्हणून सोसायटीकडं दोन महिन्यांची रक्कम बाजूला हवी. ती नसेल तर आपला माणूस पुन्हा उचल घ्यायला व्यापाऱ्याच्याच दारात जाईल, आणि सगळं केलेलं वाया.

अमेरिकेतलंच एक चांगलं उदाहरणही आहे. केप कॉड भागातल्या लहान बोटीवाल्यांच्या संघटनेनं २०२० मध्ये, कोविडनं हॉटेलं बंद पडली तेव्हा, हॅडॉक माशाचं दाट सूप बनवून घेतलं, गोठवून डब्यात भरलं आणि फूड बँकांना दिलं. बोटीवाल्यांना योग्य भाव मिळाला. मासा ताजा विकायचा म्हटलं की त्याच दिवशी गिऱ्हाईक लागतं. डब्यात भरला की थांबता येतं. बिनकाट्याचा खिमा आपल्याला त्याच कारणासाठी हवाय. हॉस्टेलनं नाही घेतला तर खानावळीला, लग्नाला, बाजाराला देता येईल.

मग आता काय करायचं?

एकदम सगळं नाही. पुढच्या बैठकीपर्यंत एवढंच:

१. प्रत्येक सभासदानं मागच्या वर्षी कुठल्या महिन्यात किती किलो मासा काढला, काय भावानं दिला, हे वहीत लिहून आणा. अंदाजे चालेल, पण महिनावार हवं. कुठल्या महिन्यांत आपण शब्द देऊ शकतो ते यावरूनच कळेल.

२. ज्यांची पोरं हॉस्टेलात आहेत त्यांनी तिथं किती पोरं आहेत आणि चिकन कुठल्या वारी असतं, ते विचारून या. पालक म्हणून विचारायचा आपल्याला हक्क आहे.

३. वजनकाटा सोसायटीचा स्वतःचा, तपासणी करून घेतलेला. बर्फाच्या पेट्या. उन्हाळ्यात एक किलो माशाला एक किलो बर्फ, यात काटकसर नको. अन्नसुरक्षेची नोंदणी आणि पक्की पावती. एवढं नसेल तर कुठल्याही टेंडरात आपल्याला दारातूनच परत पाठवतील.

४. साफसफाई आणि तुकडे करायचं काम घरातल्या बायकांच्या बचत गटाकडं, ठरलेल्या मजुरीनं. फुकट नाही.

५. निवेदन एकच आणि छोटं. हॉस्टेलच्या मेन्यूत महिन्यातून दोनदा मासा. खरेदीत माशाची वेगळी बाब आणि लहान लॉट, म्हणजे सोसायटीला भाग घेता येईल. शाळा आणि अंगणवाडीसाठी अंड्यासारखाच माशालाही वेगळा निधी. सुरुवात एका हॉस्टेलपासून, एका सत्रासाठी. जमलं तर वाढवा, नाही जमलं तर का नाही ते कळेल.

मत्स्यबीजाला सरकार दरवर्षी पैसा घालतं. तो पैसा तळ्यात पडतो, मासा होतो, आणि गाडीत बसून निघून जातो. त्यातला थोडा तरी त्याच तालुक्यातल्या पोरांच्या ताटात यावा, एवढंच आपलं मागणं आहे. यात भीक नाही. आपण माल देणार, सरकार दाम देणार.

ताईंच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. मध्ये आडवे येतात ते तीन: वेगळ्या पैशाची तरतूद नाही, आपला पुरवठा नेमाचा नाही, आणि काटा. पहिल्यासाठी निवेदन देऊ. उरलेले दोन आपल्या हातात आहेत.

वही घेऊन या मंडळी. ताईंना सांगितलंय, त्या पहिल्या रांगेत बसणार आहेत.